बहाव्याचा मगज कोणाला द्यावा, कोणाला नाही

तुमच्या पत्रातलं थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. सोसायटीच्या आवारात बहावा आहे, शेंगा लटकलेल्या आहेत. सहा वर्षांच्या मुलाला तीन-तीन, चार-चार दिवस शी होत नाही आणि सासूबाई म्हणतात, शेंगेतला मगज, म्हणजे आतला काळा गर, दे. एका व्हिडिओत पाहिलंत की बहाव्याच्या फुलांचा चहा रोज घेतला तर शंभर रोग जातात. सासऱ्यांना रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, पण त्यांनाही रोज रात्री मगज हवाय. शिवाय नणंदेच्या कमरेवर गजकर्ण उठलंय.

आधी उत्तरं देते. सासूबाईंनी सांगितलेलं औषध खरं आहे, पण तुमच्या मुलाला ते लागेलच असं नाही. फुलांचा चहा सोडून द्या. सासऱ्यांना मगज अजिबात देऊ नका. नणंदेला पाला लावून बघायला हरकत नाही, मात्र एका अटीवर.

साताऱ्यात मी अठ्ठावीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतेय. चैत्र सुरू झाला आणि झाडावर पिवळी झुंबरं लोंबायला लागली की दरवर्षी हेच प्रश्न येतात. पाऊस पडून गेला की बहावाही विसरतात आणि पोटही.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात एक लांबलचक यादी आहे, कोणत्या कामात कोण श्रेष्ठ याची. त्यात विरेचनाची, म्हणजे पोट साफ करणारी, तीन द्रव्यं ओळीनं येतात: सुखानं विरेचन करणाऱ्यात त्रिवृत म्हणजे निशोत्तर, मृदू विरेचन करणाऱ्यात चतुरंगुल म्हणजे आपला बहावा, आणि तीक्ष्ण विरेचनात निवडुंगाचा चीक. म्हणजे बहावा हा त्यातला सगळ्यात सौम्य. कल्पस्थानाचा आठवा अध्याय तर पूर्ण त्याच्यावरच आहे आणि तिथे कारण दिलंय: हा मृदू आहे आणि अपाय करत नाही, म्हणून लहान मूल, म्हातारं माणूस, जखमी, खंगलेला आणि नाजूक प्रकृतीचा माणूस यांना द्यावा. तुमच्या सासूबाईंनी चरक वाचला नसेल, पण त्यांच्या आजीपर्यंत हीच गोष्ट कुठल्या तरी वाटेनं पोचली असणार.

आता इथेच लोक घसरतात. त्याच अध्यायात चार ते बारा वर्षांच्या मुलाला मगज द्राक्षाच्या रसातून द्यावा असं सांगितलंय आणि लगेच पुढच्या श्लोकात मगजाचं माप येतं ‘प्रसृत किंवा अंजली’. एक प्रसृत म्हणजे आजच्या मापानं साधारण ९६ ग्रॅम, अंजली म्हणजे त्याच्या दुप्पट. श्लोक आणि त्याचं मराठी भाषांतर फॉरवर्ड होत होत माझ्याकडे आलं होतं, खाली कोणीतरी प्रेमानं लिहिलेलं: ‘मुलांना बिनधास्त द्या, ग्रंथात आहे.’ अहो, ती मात्रा शोधनाच्या, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली शरीरशुद्धी करण्याच्या, संदर्भातली. आधी स्नेहपान (तूप-तेल पिणं), मग स्वेदन (शेकून घाम काढणं), पथ्य, आणि वैद्य उशाशी बसलेला. आज आम्ही मोठ्या माणसालाही मगज देतो तो ५ ते १० ग्रॅम. मुलाला त्याहून कितीतरी कमी, आणि तेही त्याचं पोट हातानं तपासून. म्हणून मुलाच्या मात्रेचा आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आकडा लिहिला की तेवढाच वाचला जातो, हा अनुभव आहे.

बहाव्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातली ठेवा. तिथे पोट साफ करणाऱ्या औषधांचे प्रकार पाडलेत. हरडा हा ‘अनुलोमन’: तो आधी मळाचा पाक करतो म्हणजे पचवतो, गाठ फोडतो आणि मग खाली नेतो. बहावा हा ‘स्रंसन’: जे पचायला हवं होतं पण न पचता कोठ्यात, म्हणजे पोटा-आतड्यात, चिकटून बसलंय, त्याला तो न पचवताच खाली सरकवतो. उदाहरण म्हणून तिथे कृतमालाचं, म्हणजे बहाव्याचंच, नाव घेतलंय. म्हणजे बहावा अडलेलं सोडवतो, पचवत नाही. ज्याची भूक मेली आहे, जिभेवर पांढरा थर आहे, जेवल्यावर पोट फुगतं, त्याला रोज मगज दिला तर रोज पोट साफ होईल आणि रोज तेच न पचलेलं पुन्हा साचेल. मग माणूस म्हणतो, “मगज घेतल्याशिवाय होतच नाही.” होणार कसं? बिघाड वर आहे आणि औषध खाली चाललंय.

आधुनिक भाषेत सांगायचं तर मगजात ऱ्हाइन आणि सेनोसाइड अशी अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात. सोनामुखीतही हीच मंडळी आहेत. जठरात आणि लहान आतड्यात ती जवळजवळ गप्प असतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना तोडतात, तेव्हा कुठे आतड्याच्या हालचाली वाढतात आणि पाणी आत राहतं. म्हणून रात्री घेतलेला मगज सकाळी लागू पडतो. सहा ते बारा तास धरा. बरोबरीनं साखर आणि पेक्टिनसारखा चिकट भाग असतो, त्यामुळे काम सोनामुखीपेक्षा ओलसर आणि कमी मुरड्याचं होतं. पूर्वी इंग्रजांच्या औषधकोशात सोनामुखीचं एक चाटण होतं, त्यात अंजीर, आलुबुखार, चिंच यांच्या जोडीला बहाव्याचा मगज घालत. तिकडच्या लोकांनाही तो तसा जुना ओळखीचा. लिनियसनं १७५३ मध्ये नाव दिलं ‘कॅसिया फिस्तुला’, आणि फिस्तुला म्हणजे नळी.

शेंगेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. झाडावर फुलं दिसतात ती या वर्षीची, आणि त्याच वेळी काळ्या शेंगा लटकलेल्या असतात त्या गेल्या वर्षीच्या फुलांच्या. हिरवी शेंग औषधाची नाही. पिकलेली शेंग काळपट तपकिरी, हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, गोल आणि गुळगुळीत असते. आपण होऊन फुटत नाही. कानाशी धरून हलवा. खुळखुळली तर आतला मगज सुकून गेलाय आणि बिया सुट्या झाल्यात, ती टाकून द्या. जड आणि मुकी शेंग घ्यायची.

ती फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारखे पातळ पडदे दिसतात, दोन पडद्यांच्या मध्ये एकेक चपटी, चकचकीत बी, आणि पडद्यांना माखलेला काळा चिकट गर. हा गर म्हणजे मगज. औषध तेवढंच. बी नाही, टरफल नाही, पडदेही नाहीत. एका शेंगेतून जेमतेम दोन-तीन चमचे निघतो. वास ओल्या चिंचेत जुना गूळ मिसळल्यासारखा येतो. पहिल्यांदा काहींना मळमळतं.

चरकानं शेंग कशी तयार करायची तेही सांगितलंय: पिकलेल्या, वजनदार शेंगा सात रात्री वाळूत पुरून ठेवाव्यात, मग काढून उन्हात वाळवाव्यात, नंतर गर काढून स्वच्छ भांड्यात ठेवावा. आमच्या सरांच्या वाड्यात मागच्या पडवीत एक फुटका माठ होता, त्यात कृष्णेची चाळलेली वाळू. मार्च महिन्यात आम्ही विद्यार्थी त्यात शेंगा लावायचो. सर म्हणायचे, वाळू जादा ओल ओढून घेते म्हणून मगज आंबत नाही. आठव्या दिवशी शेंगा बाहेर, मग गच्चीवर, मग वरवंट्यानं हलकेच ठेचून चमच्याच्या मागच्या बाजूनं एकेक पडदा खरवडायचा. दिवसभर बसून चौघांनी मिळून एक लहान बरणी भरायची. हाताला काळं आठवडाभर राहायचं. आज काष्ठौषधीच्या दुकानात ‘अमलताश मगज’ (अमलताश हे बहाव्याचं हिंदी नाव) म्हणून पुडी मिळते, पण ती उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. बियांसकट भरडलेला असतो, कधी बुरशी आलेली असते.

झाडाची खात्रीही करून घ्या. पिवळ्या फुलांचं प्रत्येक झाड बहावा नसतं. रस्त्याकडेच्या काशीदची फुलंही पिवळीच, पण तुरे वर उभे आणि शेंगा चपट्या. सोनमोहराचेही तुरे उभेच असतात, शेंगा गंजाच्या रंगाच्या, चपट्या. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, द्राक्षांसारखे. खरा धोका बागेत लावलेल्या गुलाबी फुलांच्या भाईबंदांचा, कारण त्यांच्या शेंगाही नळीसारख्याच असतात. म्हणून झाड फुललेलं असतानाच ओळखून ठेवायचं, नुसत्या शेंगेवर जायचं नाही.

आता तुमचा मुलगा. सहाव्या वर्षी असा त्रास नवा सुरू झाला असेल तर मी आधी शाळेबद्दल विचारते. पहिलीत गेला का? शाळेतल्या संडासाला कडी आहे का, पाणी असतं का? दहातल्या सात-आठ मुलांचं उत्तर माझ्याकडे एकच येतं: “मी शाळेत जातच नाही.” मूल दाबून धरतं, शी आतच कोरडी होते, खडा होतो, बाहेर येताना दुखतं, आणि दुखलं म्हणून पुढच्या वेळी आणखी दाबतं. चड्डीला डाग पडत असतील तर ते जुलाब समजू नका; आत खडा अडलेला असतो आणि पातळ त्याच्या कडेनं झिरपतं. आया मुलाला रागावतात. त्या बिचाऱ्याला कळलेलंही नसतं.

यात मगजाचं काम एवढंच की अडलेला खडा एकदा मोकळा करायचा. त्यानंतर सवय लावायची. सकाळी नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असतील तर मुलाला जोर लावता येत नाही. दूध दिवसाला तीन-चार कप जात असेल तर ते कमी करा. बिस्किटं बंद, भाकरी आणि पालेभाजी सुरू. रात्री दहा-बारा काळ्या मनुका धुऊन भिजत घाला, सकाळी कुस्करून पाण्यासकट द्या. चरकानं मृदू कोठ्याची ओळखच अशी सांगितलीय की दूध, उसाचा रस, द्राक्षाचा रस एवढ्यानंही ज्याचं पोट साफ होतं तो मृदुकोष्ठी. बहुतेक मुलं तशीच असतात. ज्याचं काम मनुकेनं होतं त्याला बहावा कशाला?

तीन आठवडे हे करून भागलं नाही तर जवळच्या वैद्यांना दाखवा. ते मगज देतील तर तो कोमट पाण्यात कोळून, गाळून, थोड्या तुपाबरोबर किंवा मनुकांच्या पाण्यातून देतील, एक-दोन रात्री, आणि थांबवतील. युनानी हकीम मगजाबरोबर बदामाचं तेल देतात, तो आतड्याला चिकटून राहू नये म्हणून. आपलं तूप तेच काम करतं. हकीम मगज उकळतही नाहीत, नुसता भिजवून कोळतात. घशाच्या सुजेवर त्याच मगजाच्या दुधातल्या गुळण्या देण्याची त्यांची पद्धत मला आवडते, मी ती उचलली आहे.

पण जन्मापासूनच बद्धकोष्ठ असेल, उलट्या होत असतील, पोट टम्म फुगत असेल, शीतून रक्त पडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मनुकाही नको आणि बहावाही नको. सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

काही वर्षांपूर्वी एका घरात आजीनं अख्खी शेंग बियांसकट ठेचून उकळली आणि तो काढा पाच वर्षांच्या नातीला पेलाभर दिला. रात्री दोनला फोन आला. उलट्या, मुरडा, दहा-बारा जुलाब, ओठ कोरडे. सलाइन लावावं लागलं, दुसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली. आजी मात्र महिनाभर कोणाशी बोलल्या नाहीत. पाहिलेलं त्यांनी बरोबरच होतं, पण त्यांच्या आईनं बिया काढलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

सासऱ्यांबद्दल लिहिते, आणि ही माझी स्वतःची चूक आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांना मी मगज दिला. त्यांना इतका आवडला की ते रोजच घ्यायला लागले, आणि ‘सौम्य आहे, घेऊ देत’ म्हणून मीही अडवलं नाही. त्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू होती, ते मी नीट विचारलंच नव्हतं. अडीच महिन्यांनी जिना चढताना पाय लटपटायला लागले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली आलेलं. लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर टाकते आणि रोजचं रेचकही टाकतं. दोघांनी मिळून त्यांना रिकामं केलं होतं. त्यात हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असतं तर ठोक्यांची लय बिघडायला वेळ लागला नसता. शिवाय या गटाची रेचकं महिनोन्‌महिने घेतली की मोठ्या आतड्याचं अस्तर आतून काळपट होतं, दुर्बिणीतून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर ‘चालू गोळ्या’ हा रकाना सगळ्यात वर आहे. तुमच्या सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत. ती कोणतीही असोत, रोजचा मगज नको. त्यांच्या डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या, पाणी वाढवा, आणि संध्याकाळी जेवणानंतर शतपावली. गर्भिणीला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही मगज आपल्या मनानं देऊ नये.

नणंदेचं गजकर्ण. मला विचाराल तर बहाव्याचा पाला हा मगजाइतकाच मोलाचा आणि मगजापेक्षा दुर्लक्षित. चरकाच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय बाहेरून लावायच्या लेपांचा आहे आणि त्याचं नावच ‘आरग्वधीय’; आरग्वध म्हणजे बहावा. त्यात एक योग आहे: अंगाला तेल लावून बहाव्याचा पाला, कामुनीचा (काकमाचीचा) पाला आणि कण्हेरीचा पाला ताकात वाटून चोळावा. कण्हेर विषारी आहे, ती घरी हाताळू नका. नुसता बहाव्याचा कोवळा पाला आंबट ताकात वाटून अर्धा तास लावला तरी खाज बऱ्यापैकी बसते. कोपराच्या आतल्या बाजूला आधी थोडा लावून बघा, काहींना पुरळ येते. अट अशी: दोन आठवड्यांत चट्टा कमी झाला नाही किंवा पसरला, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टिरॉइडची मिश्र ट्यूब ती लावत असेल तर आज बंद. माझ्याकडे येणारी निम्मी गजकर्णं त्या ट्यूबनं चिघळवलेली असतात. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं.

फुलांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कळ्यांची आणि फुलांची भाजी रानभाजी म्हणून खातात. वर्षातून दोनदा करा, छान लागते. फुलंही किंचित सारकच, म्हणजे पोट सैल करणारी, असतात, म्हणून रोजचा चहा म्हणजे पुन्हा रोजचं रेचकच. बहावा फुलला की अमुक दिवसांनी पाऊस, हा मेसेजही तुम्हाला आला असेल. माझ्या दारातला बहावा दोनदा चुकलाय.

आज रात्रीपासून मनुका सुरू करा आणि एका वहीत तीन आठवडे रोज तीनच गोष्टी लिहा: शी झाली का, खडा होती की मऊ, आणि झाली ती घरी की शाळेत. कोणाकडेही दाखवायला गेलात तरी आधी ती वही पुढे ठेवा.